संगीतशिक्षकाचा उदय : पश्चिम भारतातील एका पेशाची घडण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी पश्चिम भारतात गायक होते, वादक होते, कीर्तनकार होते, देवळांतून वाजविणारे गुरव होते. परंतु ‘संगीतशिक्षक’ असा स्वतंत्र पेशा नव्हता. विद्या देणे हा गवयाच्या जीवनाचा एक भाग होता, त्याच्या उपजीविकेचे मुख्य साधन नव्हते. गवई दरबाराच्या तनख्यावर राही आणि शिष्य त्याच्या घरी सेवा करून विद्या मिळवी. कोणास शिकवावे, किती शिकवावे आणि किती वर्षांत शिकवावे, याचा निर्णय सर्वस्वी गुरूच्या हाती असे. शाळेने ही सर्व गृहीते उलटी केली. ठरलेल्या तासाला, ठरलेल्या वेतनावर, ठरलेला अभ्यासक्रम, फी भरील त्यास शिकविणारा माणूस शाळेला हवा होता. आणि असा माणूस कोणत्याही घराण्याने तोवर घडविलेला नव्हता. तो कोणत्या समाजथरांतून आला, त्याच्यापुढे कोणता आदर्श होता आणि ह्या नव्या पेशात त्यास काय लाभले व काय लाभले नाही, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रारंभी पुढाकार घेतला तो गवयांनी नव्हे, तर सुशिक्षित रसिकांनी. मुंबईत कैखुश्रू काबराजी यांनी १८७० मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. पुण्यास बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे यांच्या खटपटीने १८७४ मध्ये गायन समाज निघाला. ह्या संस्थांचे चालक नव्या विद्येचे, तर शिकविणारे मात्र जुन्याच परंपरेतील होते. विष्णु नारायण भातखंडे हे १८८४ मध्ये पारशी मंडळीचे सभासद झाले, तेव्हा त्यांना तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्यासारख्या ध्रुपदियांकडून विद्या मिळाली. म्हणजे, संस्था नवी परंतु शिक्षक जुना, अशी ही पहिली अवस्था होती. शिकविणे हा अद्याप गवयाचा जोडधंदाच होता.

दुसरी अवस्था बडोद्यास दिसते. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाखाली १८८६ मध्ये तेथे गायनशाळा उघडली आणि तिची सूत्रे मौलाबक्ष यांच्याकडे आली. मौलाबक्ष (१८३३–१८९६) हे दरबारी गवई खरे. परंतु उत्तरेकडील व दक्षिणेकडील ह्या दोन्ही पद्धतींचा त्यांनी अभ्यास केला होता. दक्षिणेत संगीताचे शिक्षण अधिक सुबद्ध रीतीने दिले जाते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसविली आणि देशी भाषांत पाठ्यपुस्तके छापली. ज्या विद्येचे चीजवस्तूप्रमाणे जतन करावयाचे, तीच छापून बाजारात ठेवणारा हा खानदानी कलावंत अपवादात्मकच म्हटला पाहिजे. त्यांच्या घराण्यात शिक्षकाचा पेशा स्थिर होऊ पाहत होता. पुत्र अलाउद्दीनखाँ यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमीत पाश्चात्य संगीताचे शिक्षण घेतले. नातू इनायतखाँ यांनी तरुणपणीच गायनशाळेत अध्यापन केले आणि १९१० मध्ये ते पश्चिमेकडे निघून गेले. तेथे ते सूफी विचाराचे प्रसारक म्हणून अधिक प्रसिद्धी पावले.

बडोद्याच्या प्रयोगावरून एक गोष्ट निश्चित होते. घराण्यातील मुसलमान कलावंतास शाळेचे वावडे होते, ही पुढे रूढ झालेली समजूत निराधार आहे. प्रबळ आश्रय, नियमित वेतन आणि प्रतिष्ठा ही तिन्ही मिळाली, तेव्हा तो उत्तम शिक्षक झाला. परंतु हा आश्रय संस्थानाच्या सीमेपुरता होता. पुणे, मुंबई, नागपूर येथील मध्यमवर्गीय गृहस्थ आपली मुले, आणि विशेषतः मुली, कोणापाशी गाणे शिकण्यास पाठवील, हा प्रश्न बडोद्याने सोडविला नाही.

तो प्रश्न विष्णु दिगंबर पलुसकर यांनी सोडविला. दक्षिण महाराष्ट्रातील कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने डोळ्यांस इजा झाल्यामुळे शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला आणि मुलास मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्यास ठेवण्यात आले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा (१८४९–१९२६) यांनी स्वतः वासुदेवबुवा जोशी यांच्या घरी सेवा करून ही विद्या मिळविली होती. १८९६ मध्ये पलुसकरांनी मिरज सोडले. संस्थानिकाच्या घरी शिष्याला मान आणि गुरूला निमंत्रणही नाही, हे पाहून त्यांचे मन उद्विग्न झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ह्या प्रसंगाचा तपशील कसाही असो. कलावंताच्या सामाजिक स्थानाविषयीचा असंतोष हीच त्यांच्या पुढील कार्याची प्रेरणा होती, ह्यात शंका नाही. उत्तर हिंदुस्थानात संचार करून त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. दरबारच्या देणगीपेक्षा लोकांच्या वर्गणीवर आणि जाहीर जलशांच्या उत्पन्नावर उभी राहिलेली ही संस्था होती. १९०८ मध्ये त्यांनी कार्याचे केंद्र मुंबईस आणले.

ह्या विद्यालयातील ज्या विभागाने शिक्षकाचा पेशा निर्माण केला, त्याचे नाव लक्षात घेण्याजोगे आहे. भावी शिक्षकांच्या वर्गास पलुसकरांनी ‘उपदेशक वर्ग’ म्हटले. उस्ताद नव्हे, मास्तर नव्हे, तर उपदेशक. हा शब्द दरबारातून आलेला नाही. तो कीर्तनाच्या आणि धर्मप्रचाराच्या परिसरातला आहे. कीर्तनकाराच्या घरात गाणे हे धनिकाच्या रंजनाचे नसून जनसमुदायास बोध करण्याचे साधन होते. कीर्तनकार ठरल्या वेळी उभा राही, स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभेपुढे निःसंकोच गाई, समजेल अशा रीतीने सांगे आणि त्याचे चारित्र्य हाच त्याचा परवाना असे. शाळेस हवे असलेले जवळजवळ सर्व गुण ह्या पेशात आधीपासून होते. महाराष्ट्रातील संगीतशिक्षकाचा खरा पूर्वज दरबारी उस्ताद नसून कीर्तनकार होय. पलुसकरांनी शृंगारिक चिजांच्या जागी भक्तिपर शब्द बसविले, विद्यार्थ्यांवर कडक दिनचर्या लादली, व्यसनांस मज्जाव केला, ह्याचाही अर्थ ह्याच दृष्टीने नीट उमजतो. पालकास शिक्षक विश्वासार्ह वाटला पाहिजे, ही त्यामागील निकड होती.

उपदेशक वर्गात आलेल्या मुलांची पार्श्वभूमी पाहिली असता आणखी एक सूत्र हाती लागते. त्यांच्यापैकी पुष्कळ जण निर्धन होते. विद्यालयात मिळणारे अन्न, निवारा आणि विद्या हाच त्यांचा आधार होता. मिरजेचे विनायकराव पटवर्धन (जन्म १८९८) हे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९०७ मध्ये लाहोरास गेले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. गुजरातेतील ओंकारनाथ ठाकूर (जन्म १८९७) यांनी बालपणी पोटासाठी स्वयंपाक्याचे काम आणि गिरणीत मजुरी केली होती. भडोचच्या एका पारशी गृहस्थाच्या साहाय्याने ते मुंबईच्या विद्यालयात पोचले आणि वयाची विशी पुरी होण्याच्या सुमारास लाहोर शाखेचे प्राचार्य झाले. नारायण मोरेश्वर खरे यांना १९१८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात पाठविण्यात आले; आश्रम भजनावलीचे संपादन त्यांनी केले आणि १९३० च्या दांडीयात्रेतही ते होते. स्वयंपाकघरातून प्राचार्यपदापर्यंत आणि वर्गातून सत्याग्रहापर्यंत जाणारे हे मार्ग दरबारी व्यवस्थेत संभवनीय नव्हते. ब्राह्मण घरातील गरीब मुलास हरदास, भिक्षुक किंवा कारकून ह्यांखेरीज एक चौथी वाट येथे खुली झाली.

परंतु प्रत्येक नवी वाट कोणाला तरी वगळूनच आखली जाते. शिक्षकाच्या प्रतिष्ठेची कसोटी जेव्हा कुलीन चालचलणूक ठरली, तेव्हा ज्या कलावंतिणींनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जतन केली होती, त्यांना वर्गाच्या व्यासपीठावर स्थान उरले नाही. स्त्रियांसाठी विद्यालयाने स्वतंत्र वर्ग काढले, हे श्रेय मोठेच. परंतु ते वर्ग ‘घरंदाज’ स्त्रियांसाठी होते. मुसलमान उस्तादांच्या बाबतीतही हेच अंशतः घडले. अब्दुल करीमखाँ यांनी १९१३ मध्ये पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. शिष्यांस घरी ठेवून, जलशांच्या उत्पन्नावर त्यांचे पोषण करून त्यांनी ते काही वर्षे चालविले. ती संस्था टिकली नाही आणि खाँसाहेब मिरजेस स्थायिक झाले. त्यांची कीर्ती गायक म्हणूनच राहिली. उस्तादांकडून विद्या घ्यावी, पण शाळेची खुर्ची दुसऱ्याने भूषवावी, अशी एक अलिखित विभागणी हळूहळू स्थिर झाली.

प्रतिष्ठा आली, द्रव्य मात्र त्या मानाने आले नाही. मुंबईस सँडहर्स्ट रस्त्यावर उभारलेली गांधर्व महाविद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली, ही घटना पुरेशी बोलकी आहे. त्या काळी गवयास खरी मिळकत रंगभूमीवर होती. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचा जीवनक्रम ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. बालपणी किर्लोस्कर मंडळीत नट, पुढे फैज महंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ यांचे शिष्य, मग धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात गायनशिक्षक, १९११ मध्ये पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक आणि शेवटी नाटकांच्या पदांस चाली देणारे संगीतकार, अशी त्यांची वाटचाल झाली. शाळेतील नोकरी हा तीत एक मुक्काम होता, अखेरचे ठिकाण नव्हे. स्वतः विनायकराव पटवर्धन १९२२ मध्ये गंधर्व नाटक मंडळीत गेले. नाटकाविषयी तिटकारा असलेल्या गुरूस ह्या निर्णयाने दुःख झाले. तथापि शिष्याच्या संसाराचा प्रश्न उपदेशाने सुटणारा नव्हता.

शिक्षक घडविण्याचा दुसरा मार्ग भातखंडे यांनी आखला. ते स्वतः पदवीधर व वकील होते. नवे उपदेशक निर्माण करण्याऐवजी जुन्याच गवयांस नव्या पद्धतीची दीक्षा द्यावी, असा त्यांचा विचार दिसतो. त्याचा प्रयोग महाराष्ट्राबाहेर, पण मराठी संस्थानात झाला. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी आपल्याकडील निवडक गवयांना स्वरलेखन व अध्यापनपद्धती शिकण्यासाठी मुंबईस धाडले आणि १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्या गवयांपैकी राजाभैया पूंछवाले (१८८२–१९५६) पुढे त्याचे प्राचार्य झाले. १९२६ मध्ये लखनौस मॉरिस कॉलेज निघाले. तेथे दीर्घकाळ प्राचार्य राहिलेले श्रीकृष्ण रातंजनकर हे मुंबईच्या एका पोलीस अधिकाऱ्याचे चिरंजीव, पदवीधर आणि त्याचबरोबर फैयाजखाँ यांचे शिष्य होते. विद्यापीठाची पदवी आणि उस्तादाची तालीम ह्यांचा हा संयोग म्हणजे संगीतशिक्षकाचा तिसरा नमुना होय.

१९३१ मध्ये पलुसकर निवर्तले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबाद येथे गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. ह्या घटनेने पेशाचे अर्थकारण पालटले. गुरूची मोठी वास्तू टिकली नव्हती. तिच्या जागी परीक्षा आल्या. समान अभ्यासक्रम व प्रमाणपत्र ह्यांमुळे लहानशा गावातील शिक्षकासही दोन खोल्यांत वर्ग चालविता येऊ लागला. १९२५ मध्ये बा. र. देवधर यांनी मुंबईस स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलेच होते. १९३२ मध्ये विनायकराव नाटक सोडून परत आले व त्यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. रंगभूमीचा पडता काळ पाहता ह्या परतण्यास केवळ गुरुभक्ती नव्हे, तर नवे अर्थकारणही कारणीभूत असावे. सकाळी शाळेतील तास, सायंकाळी स्वतःचा वर्ग आणि अधूनमधून मैफल, अशी शिक्षकाची दिनचर्या ठरून गेली. हार्मोनियम हे त्याचे हत्यार झाले. १९४० मध्ये आकाशवाणीने ह्या वाद्यास बंदी केली व ती १९७१ पर्यंत पूर्णांशाने टिकली. पण शाळेच्या वर्गातून ते कधीच हटले नाही. चाळीस मुलांना एका सुरात आणण्याची अडचण नभोवाणीच्या विद्वानांपुढे नव्हती.

ह्या सर्व इतिहासाचे तात्पर्य असे की, संगीतशिक्षकाचा पेशा घराण्याच्या विकासातून सहज उमललेला नाही. रसिकांची मंडळे, संस्थानिकांचा आश्रय, कीर्तनाचा संस्कार आणि परीक्षेची व्यवस्था ह्या चार भिन्न शक्तींनी तो घडविला. ‘शाळेतील गाण्याने गवई निर्माण होत नाहीत’ हा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो खरा मानला, तरी गैरलागू आहे. कारण ह्या शिक्षकाचे कार्य श्रोता निर्माण करणे हेच प्राधान्याने होते, आणि दरबार लोपल्यावर गायकास जगविले ते ह्याच श्रोत्याने. जो पेशा गायकाच्या तुलनेने गौण मानला गेला, त्याच्याच आधारावर गायकाचा पेशा उभा राहिला. त्या श्रमाची परतफेड वेतनाने झाली नाही, हे जितके खरे, तितकेच त्या पेशाचे दार ज्यांच्यासाठी उशिरा उघडले त्यांचे ऋण इतिहासाने अद्याप मांडावयाचे आहे, हेही खरे.