भय, भक्ति आणि निरीक्षण

आफ्रिकेंतील अरण्यांत गोरिला पाहावयास जाणें ही आज सधन प्रवाशांची हौस झाली आहे. आठ-आठ माणसांची टोळी वाटाड्यामागून चिखल व बांबूचीं बनें तुडवीत डोंगर चढते आणि त्या महाकपीच्या सान्निध्यांत तासभर बसून परतते. हा एक तास मिळविण्यास मनुष्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत असतें.

१८४७ सालीं सॅव्हेज नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यानें गोरिलाची शास्त्रीय जगास ओळख करून दिली, ती कवट्या व हाडें यांवरून. १८६१ मध्यें द्यु शाय्यू याच्या प्रवासग्रंथानें छाती बडवीत अंगावर धांवणारा राक्षस लोकांपुढें उभा केला. १९०२ मध्यें फॉन बेरिंगे या जर्मन कप्तानास विरुंगा पर्वतांत डोंगरी गोरिला आढळला, तोहि गोळी घालूनच. १९२१ मध्यें एकली यानें संग्रहालयासाठीं गोरिला मारले. पण पुढें त्याचें मन पालटलें, आणि त्याच्या आग्रहामुळें बेल्जियमच्या राजानें १९२५ मध्यें तेथें अभयारण्य स्थापिलें. शेवटीं १९५९ मध्यें जॉर्ज शॅलर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ वही घेऊन त्या रानांत शिरला आणि गोरिलांच्या दृष्टीस पडेल असा उघड्यावर बसूं लागला. राक्षस नाहींसा झाला. उरला तो पालापाचोळा खाणारा, पिलांना अंगाखांद्यावर खेळूं देणारा शांत प्राणी.

हाच शॅलर १९६३ मध्यें आपल्या विदर्भाच्या शेजारीं, कान्ह्याच्या रानांत, हरणें व वाघ अभ्यासावयास आला. त्याच सुमारास धारवाडच्या परिसरांत सुगियामा हा जपानी अभ्यासक वानरांच्या टोळ्यांमागें हिंडत होता. वानर दिसला कीं मारुतिरायाचें रूप म्हणून आपण हात जोडतों. सुगियामास निराळेंच दिसलें: परका नर टोळींतील जुन्या नरास हुसकून लावतो आणि आईच्या अंगावरचीं पिलें ठार करतो. भयानें गोरिलाचा राक्षस केला, भक्तीनें वानराचा देव केला. खरा प्राणी दोघांनाहि दिसला नाहीं.

आम्हां हिंगोलीकरांस हा इतिहास परका वाटण्याचें कारण नाहीं. वानर आमच्या पिंपळावर आहेत, देवळाच्या शिखरावर आहेत आणि हरभऱ्याच्या शेतांतहि आहेत. शनिवारीं केळें पुढें करणारा हातच सोमवारीं गोफण उचलतो. टोळींत वानर किती, तिचा टापू केवढा, कोणत्या महिन्यांत तिला रानांत खावयास उरत नाहीं, हें लिहून ठेवणारा मात्र विरळा. तें कळल्यावांचून शेतकऱ्याचें पीक वांचावयाचें नाहीं आणि वानरहि सुखानें राहावयाचा नाहीं.

विरुंगा पर्वतांत १९८१ च्या गणनेंत सुमारें २५० गोरिला उरले होते. २०१५-१६ च्या गणनेंत ते ६०४ भरले. डायन फॉसी हिनें १९६७ पासून तेथें वास्तव्य केलें आणि १९८५ मध्यें तेथेंच तिचा खून झाला. एकेका प्राण्यास नांवानें ओळखणारीं, राखण करणारीं, आजारांत औषध देणारीं माणसें तेथें टिकून राहिलीं, म्हणून ही वाढ झाली. आपणांस त्यासाठीं आफ्रिका गांठावयास नको. औंढ्याच्या वाटेवरील एखादें झाड, एक वही आणि वर्षभराची चिकाटी एवढें भांडवल आरंभास पुरे.