एकपात्री प्रयोग, ग्रामीण विनोद आणि एकाकीपणाचा प्रश्न

लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगाविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग आकड्यांनी व्यापलेला आहे. एका नटाने उभ्या केलेल्या ५२ व्यक्तिरेखा, सुमारे तीन तासांचा अवधी, हजाराहून अधिक प्रयोग, गिनेस बुकातील नोंद. या आकड्यांबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावे लागते, की त्यांनी एका नाट्यकृतीचे विक्रमात रूपांतर केले आणि विक्रमाची समीक्षा करण्याची गरज कोणालाच भासली नाही. संहितेत काय आहे, एकाच नटाने ती सादर करण्याने तिच्या अर्थात काय फरक पडतो, हे प्रश्न बाजूला राहिले. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे. त्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

संस्कृत नाट्यशास्त्राने एकट्या नटाच्या विनोदी-शृंगारिक नाट्याला ‘भाण’ या नावाने दहा रूपकांमध्ये स्थान दिले आहे. भाणातील विट गणिकावस्तीतून हिंडतो, भेटणाऱ्यांशी बोलतो. पण ते रंगमंचावर येत नाहीत. त्यांचे बोलणे त्याला ऐकू येते आणि ‘काय म्हणतोस?’ असे विचारून तोच ते प्रेक्षकांना सांगतो. हे ‘आकाशभाषित’. ‘चतुर्भाणी’ १९२२ साली छापून आली, तेव्हापासून या भाणांतील नागर उपहासाची चर्चा झाली आहे. पण वररुचीच्या नावावरील ‘उभयाभिसारिका’ची रचना पाहण्यासारखी आहे. कुबेरदत्त आणि नारायणदत्ता यांच्यातील रुसवा काढण्याची कामगिरी विटावर सोपवलेली असते. तो वसंतातल्या पाटलिपुत्राच्या रस्त्यांवरून जाताना प्रत्येकाशी थट्टा करीत राहतो, आणि दरम्यान ते दोघे त्याच्या मदतीवाचून एकमेकांकडे निघतात. इतरांच्या प्रणयासाठी दिवसभर चालणाऱ्या या माणसाची गरजच उरत नाही. सबंध भाणात त्याला उत्तर देणारा दुसरा आवाज नसतो. हास्यप्रधान एकपात्रीच्या मुळाशी एकाकीपणा आहे तो असा. तो विषय म्हणून येण्यापूर्वी रूपबंधातच वसलेला असतो.

भाण नगराचा. खेड्याकडे असलेली एकट्याची कला निराळी होती. बहुरूपी आणि कीर्तनकार हे तिचे ठळक वाहक. उत्तररंगातील आख्यान लावताना कीर्तनकार राजा, राणी, ऋषी, दासी असा सर्वांच्या मुखाने बोलतो, पण त्याच्या मागे साथीदार असतात आणि समोरचा श्रोता त्याच्याबरोबर नामघोष करतो. तेथे नट एकटा असला तरी आवाज एकटा नसतो. आधुनिक मराठी एकपात्रीने कीर्तनातील बहुमुखी कथन उचलले; हा नामघोष मात्र तिला घेता आला नाही. त्या जागी हशा आला. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली, तेव्हा हे स्थित्यंतर पूर्ण झाले असे मानता येईल. चाळकऱ्यांची गर्दी एका माणसाच्या आठवणीत आहे आणि अखेरच्या चिंतनात ती आठवणच उरते. तेथील करुण सूर बहुतेक समीक्षकांनी ओळखला. चाळ शहरातली होती, समीक्षकांच्या परिचयाची होती, हे त्याचे एक कारण असावे.

१९७९ साली तेव्हाच्या औरंगाबादेत ‘वऱ्हाड’ रंगमंचावर आले, तेव्हा अशी ओळख पटवणारा वाचक त्याला लाभला नाही. देशपांडे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवीत. निजामी राजवटीतून १९४८ साली मुक्त झालेल्या आणि १९५६ साली मुंबई राज्यात आलेल्या या प्रदेशाची बोली पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर तोवर प्रामुख्याने नोकर-चाकरांच्या तोंडी, चवीपुरती ऐकू येई. येथे ती संपूर्ण प्रयोगाची भाषा झाली. शहरी प्रेक्षक हसला. पण त्याचे हसणे बोलीला होते की बोलीतून व्यक्त होणाऱ्या माणसांच्या शहाणपणाला, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. ‘ग्रामीण विनोद’ या सोयीच्या कप्प्यात प्रयोग टाकला गेला.

कथानक सर्वश्रुत आहे: लंडनमध्ये असलेल्या मुलाचे एका इंग्रज मुलीशी लग्न ठरते आणि मराठवाड्यातील खेड्यातून वऱ्हाड विमानाने निघते. निमित्त प्रणयाचे, पण प्रणय मध्यवर्ती नाही. मध्यभागी आहे निघण्याची धांदल, मानपान, रुसवे, रसिकांच्या बोलण्यात आजही वावरणारा बबन्या. वऱ्हाड म्हणजे खेड्यातील सर्वांत गजबजलेली गोष्ट, ज्यात कोणालाही क्षणभर एकटे राहता येत नाही. आणि ही गजबज एका शरीरात, वेष न बदलता घडते. येथेच प्रयोगाचा खरा अर्थ दडलेला आहे. एकपात्रीत भांडण दाखवता येते, मान वळवली की झाले. आलिंगन मात्र दाखवता येत नाही. दोन माणसे एकाच देहात असल्यामुळे त्यांचा स्पर्श अशक्य ठरतो. म्हणून या रूपबंधात प्रणय नेहमी सांगितला जातो किंवा थट्टेवारी नेला जातो. गावाला सोडून गेलेला मुलगा आणि त्याच्यामागे निघालेले गाव यांच्यामधले अंतर विमानाने कापले तरी नटाच्या देहात ते मिटत नाही. प्रेक्षक ज्याला हसतो ती गर्दी त्याला प्रत्यक्षात दिसलेलीच नसते.

तुलनेसाठी चेखवची ‘तंबाखूचे दुष्परिणाम’ ही एकांकिका घेता येईल. १८८६ साली निव्वळ प्रहसन म्हणून लिहिलेले हे स्वगत तो विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. प्रांतीय क्लबाच्या व्यासपीठावर बायकोच्या आज्ञेने व्याख्यान देणारा न्यूखिन ३३ वर्षांच्या संसाराबद्दल बोलू लागतो, लग्नातला जुना कोट अंगातून काढून फेकतो, आणि दूर कुठे शेतात झाडासारखे किंवा बुजगावण्यासारखे आकाशाखाली उभे राहावे एवढीच इच्छा बोलून दाखवतो. पत्नी आल्याचे दिसताच कोट पुन्हा अंगावर चढतो. चेखवला हसू आणि एकाकीपणा यांची सांगड सापडेपर्यंत अनेक खर्डे लागले. न्यूखिनचे खेडे हे पळून जाण्याचे स्थळ आहे, तेथे माणसे नाहीत. ‘वऱ्हाडा’चे खेडे माणसांनी तुडुंब भरलेले. तरीही दोन्हीकडे व्यासपीठावरचा माणूस एकटा असतो आणि त्याला उत्तर म्हणून फक्त हशा मिळतो.

लक्ष्मण देशपांडे २००९ साली वारले. हा प्रयोग त्यांच्यापाशीच संपेल असे मानणारे अनेक होते. नटाची किमया म्हणजेच कृती, ही आपल्या समीक्षेची गृहीत धारणा त्यामागे होती. पुढे संदीप पाठक यांनी तो पुन्हा उभा केला आणि प्रेक्षक आला. दुसऱ्या देहात, दुसऱ्या लकबींनिशी उभी राहू शकते ती गोष्ट नकलेहून निराळी असते. ती संहिता असते आणि तिचे वाचन अद्याप व्हायचे आहे.