सुरखी ते राख : 'टाकाऊ' मालाने उभारलेल्या बांधकामांची गोष्ट

'सुरखी' हा शब्द हल्ली बांधकामावर कानावर पडत नाही. फारसीत 'सुर्ख' म्हणजे लाल. त्यावरून भाजलेल्या विटांच्या पुडीला सुरखी म्हणू लागले. हैदराबाद, बडोदा, ग्वाल्हेर, कुठलाही जुना वाडा पाडताना चुन्यात गुलाबीसर झाक दिसली, तर ती बहुधा हिचीच. वीटभट्टीवर फुटलेला, विकला न जाणारा माल कुटायचा, चाळायचा आणि चुन्याबरोबर घाणीत मळायचा. टाकाऊ वस्तू बांधकामात वापरण्याची ही आपल्याकडची जुनी रीत.

यात नुसती काटकसर नव्हती. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पाण्याखाली मात्र तो तसाच मऊ राहतो. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावली की तोच चुना पाण्यातही धरतो. म्हणून तर १८९५ मध्ये पुरं झालेलं मुल्लपेरियार धरण आणि म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर, दोन्हीकडे चुना-सुरखी होती. कृष्णराजसागराचे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आपल्याला परके नाहीत. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यात झालं, नोकरी मुंबई इलाख्यात झाली, आणि १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर हैदराबादला सल्ल्यासाठी बोलावलं गेलं तेही त्यांनाच.

मात्र कुठलीही वीट कुटून चालत नसे. जास्त भाजून काचेसारखी झालेली खंगर वीट चुन्याशी संयोग पावत नाही. कच्ची राहिलेली तर नुसती मातीच. बेताची भाजलेली वीटच कामाची. माल टाकाऊ असला तरी तो निवडावा लागतो, हा धडा पुढच्या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो.

१९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन सुरू झालं. हळूहळू लोखंडी सळ्यांचं काँक्रीट आलं आणि घाणी थांबल्या. सिमेंट लवकर घट्ट होतं, हिशेबाला सोपं पडतं. पण त्याची भट्टी सुमारे १४५० अंशांवर तापवावी लागते, आणि चुनखडी भाजताना तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो इंधन बदलूनही टळत नाही. म्हणून सिमेंटचा काही भाग दुसऱ्या कशाने तरी भरून काढणं, हाच त्यावरचा एक उपाय.

हा उपाय कारखान्यांच्या उकिरड्यावरच सापडला. लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी पाण्यात झटकन थंड केली तर ती सिमेंटासारखी वागते, हे जर्मनीत १८६२ मध्येच लक्षात आलं होतं. कोळशाच्या उडत्या राखेवरचा अमेरिकेतला महत्त्वाचा अभ्यास १९३७ चा. पुढे माँटानातल्या हंग्री हॉर्स धरणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्याकडे रिहांद धरणाच्या काँक्रीटमध्ये राख घातली गेली. नवल असं, की पुढे त्याच जलाशयाच्या काठावर औष्णिक वीजकेंद्रं उभी राहिली आणि राखेचे तलावही.

राखेचं काम सुरखीसारखंच चालतं. सिमेंट भिजताना मोकळा चुना सुटतो. राखेतली सिलिका तो बांधून घेते, काँक्रीटमधली छिद्रं बारीक होतात. खारं पाणी सळीपर्यंत सहजी पोचत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या कामाला हे उपयोगाचं. पण दुसरी बाजूही आहे बरं का! सळीला गंजापासून जपणारा क्षार याच चुन्यातून मिळतो. राख जास्त झाली, पाणी मारण्यात हयगय झाली किंवा सळीवरचा थर पातळ राहिला, तर हवेतला वायू आत शिरून सळी लवकर गंजू शकते. शिवाय अशा काँक्रीटला ताकद सावकाश येते; घाई करून चालत नाही.

तेलंगणात रामगुंडमचं केंद्र १९८३ पासून वीज देतंय, आणि विजेबरोबर राखही. १९९९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून वीजकेंद्रांच्या आसपासच्या वीटभट्ट्यांना राख वापरणं बंधनकारक केलं. आज राखमिश्रित सिमेंटात भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख चालते, तर मळीच्या सिमेंटात २५ ते ७० टक्के मळी. आपल्या नव्या घराच्या पोत्यावर वाचून पाहा, यांपैकी एखादं नाव सापडण्याची शक्यता बरीच आहे.

आता चाक फिरून मूळ जागी येतंय. कोळसा कमी जाळायचा ठरला तर राखही कमी मिळणार; म्हणून भाजलेली माती आणि चुनखडी यांचं नवं सिमेंट पुढे आलं आहे. म्हणजे सुरखीच, वेगळ्या नावाने.

म्हणूनच जुनी भिंत उतरवताना तिचा चुना थेट कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये जाऊ देऊ नका. मूठभर नमुना, जागा आणि बांधकामाचं साल एवढं तरी लिहून ठेवा. आणि चुन्याच्या भिंतीची डागडुजी कडक सिमेंटने करू नका. आतला ओलावा अडकतो आणि शंभर वर्षं टिकलेली वीट थोड्याच पावसाळ्यांत सोलून निघते. शेतात टाकून दिलेला घाणीचा दगड दिसला तर त्याचीही नोंद करा. आपल्या गावात सुरखी कुठून येई आणि कशी निवडत, हे सांगू शकणारे गवंडी आता मोजकेच उरलेत.