दोन वायरी, एक खड्डा

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं ट्रेडिंग बंद पडलं. दुसऱ्या दिवशी महिन्याची एक्स्पायरी होती, म्हणजे लोकांचे सौदे ऐन मोक्याला लटकले. एक्स्चेंजने जे निवेदन काढलं ते आमच्या धंद्यातला माणूस दोनदा वाचेल असं होतं. रिडंडन्सीसाठी आमच्याकडे दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक्स आहेत, आणि दोन्ही कंपन्यांनी कळवलंय की आमच्या लिंक्समध्ये प्रॉब्लेम आहे! बाजार पावणेचारला पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालला. पण वेळ वाढवून मिळणार हे कळेपर्यंत बऱ्याच ब्रोकरांनी गिऱ्हाइकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाला कापून टाकले होते. त्यात ज्यांचं नुकसान झालं त्यांना फायबर कशाशी खातात हेही माहीत नसणार.

मार्चमध्ये कारण बाहेर आलं. दोन साइट्सच्या मधल्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम चालू होतं. लिंक्स गेल्या तरी स्टोरेजने एकट्याने काम चालू ठेवायचं असं डिझाइन होतं, पण ते स्टोरेजही रुसलं. म्हणजे आधी रस्ता फुटला, आणि रस्ता फुटल्यावर काय करायचं हे ज्याला माहीत असायला हवं होतं ते यंत्र ऐन वेळी गडबडलं. या दोन वेगळ्या चुका आहेत, पण मला आज पहिलीबद्दलच लिहायचंय.

गंमत अशी की हेच एक्स्चेंज १९९४ साली सुरू झालं ते रस्त्यावरच्या तारांवर विश्वास न ठेवता. डॉ. रा. ह. पाटील तेव्हा त्याचे प्रमुख होते. नव्वदच्या दशकात लीज्ड लाइन मागितली तर कधी मिळेल याचा भरवसा नसे, आणि मिळाल्यावर चालेल की नाही याचा तर त्याहून नाही. म्हणून ब्रोकरांच्या गच्च्यांवर व्हीसॅटच्या छत्र्या बसल्या आणि सौदे उपग्रहावरून व्हायला लागले. ३६,००० किलोमीटर वर जायचं, खाली यायचं, उत्तर पुन्हा तसंच. यात अर्धा सेकंद जातो, पण तेव्हा अर्ध्या सेकंदाचं कुणाला काय पडलं होतं! लहान शहरातल्या ब्रोकरला मुंबईवाल्याइतकाच भाव दिसायला लागला, हे मोठं काम त्या छत्रीने केलं. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे यायचा आणि काही मिनिटं सिग्नल बुडायचा. त्या दिवसांत बाजार दुपारी थोडा वेळ बंद ठेवून संध्याकाळी उशिरापर्यंत चालवत. आधी माहीत असलेला बिघाड किती सोयीचा असतो बघा, त्याचं वेळापत्रक छापता येतं.

आता निलंग्याकडे येतो. एका ग्राहकाच्या तिथल्या शाखेच्या जोडण्यांचं काम माझ्याकडे आलं होतं. लातूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. काळी जमीन, सोयाबीन आणि तूर. निलंग्याला रेल्वे नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाला याचं काही वाटणार नाही, पण नेटवर्कवाल्याला वाटतं. कारण रूळ जिथून जातात तिथून रेलटेलचं फायबर जाऊ शकतं, आणि ते रस्त्याच्या कडेने जात नाही. लातूर-उदगीर-बीदर लाइन निलंग्याला बाजूला टाकून जाते. मग राहिले रस्ते. एक लामजना-औसामार्गे लातूरला, एक औराद शहाजनीवरून कर्नाटकात, एक कासार शिरसीकडे, एक देवणी-उदगीरकडे. कागदावर चार वाटा, म्हणजे चैन आहे! पण टेलिकॉमच्या हिशोबात बीदर कर्नाटक सर्कलमध्ये आणि निलंगा महाराष्ट्र सर्कलमध्ये. हद्द माणसाला दिसत नाही, लायसन्सला दिसते. त्यामुळे फायबरला सहज सुचणारी वाट एकच, लातूरची.

शाखेला दोन कंपन्यांच्या लिंक्स होत्या. दोघांच्याही कोटेशनवर "शंभर टक्के रिडंडंट" असं ठसठशीत छापलेलं. मी दोघांकडे रूट मॅप मागितला. एकाने गुगल अर्थवर लाल रेघ मारून पाठवली, दुसऱ्याने तीन आठवडे टोलवाटोलवी केली आणि शेवटी "कॉन्फिडेन्शियल आहे" म्हणून हात वर केले. ते गुपित उघडं झालं एका लाइनमनमुळे. चहा पिता पिता तो अगदी सहज म्हणाला, "दोन्ही एकाच पायपात हैत की सायेब. त्यांनी ह्यांच्याकडूनच भाड्यानं घेतल्यात."

झालं! दोन करार, दोन बिलं, दोन राउटर, आणि जमिनीत एक पाइप.

याचा हिशोब मांडून बघा. एक लिंक ९९ टक्के वेळ चालू असते असं धरू. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे साधारण साडेसत्त्याऐंशी तास बंद. दोन लिंक्स खरोखर स्वतंत्र असतील तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाला ५३ मिनिटांच्या आसपास येतो. विक्रीवाला हाच आकडा दाखवतो. आता समजा बंद असलेल्या वेळापैकी फक्त एक दशांश वेळ दोघांचा सामायिक आहे, म्हणजे तोच जेसीबी, तोच पूल, तोच विजेचा खांब. लगेच वर्षाला पावणेनऊ तास दोन्ही बंद. आणि एका पाइपात असतील तर एक दशांश कुठला, बहुतेक सगळंच सामायिक. मग दुसरं बिल भरून काय मिळतं? तर फोन करून ओरडायला दुसरा माणूस.

ही काही निलंग्याची खासियत नाही म्हणा. १८ जुलै २००१ ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडीला आग लागली आणि बोगद्यातून गेलेल्या अनेक कंपन्यांच्या फायबर एकदम जळल्या. त्याआधी ८ मे १९८८ ला शिकागोजवळच्या हिन्सडेलचं टेलिफोन एक्स्चेंज जळलं तेव्हा ओहेअर विमानतळाची वाहतूकसुद्धा अडखळली होती. आणि ३० जानेवारी २००८ आठवतंय का? अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबल तुटल्या आणि इथे आपली ऑफिसं बसून राहिली. दोन वेगवेगळ्या मालकांच्या केबल, पण वाट तीच.

आपल्याकडे बँकांनी २००० नंतर कोअर बँकिंग आणलं तेव्हा शाखांसाठी ठरलेला साचा होता: लीज्ड लाइन मुख्य, आयएसडीएन बॅकअप. मुख्य लाइन पडली की राउटर आपोआप फोन लावायचा. दिसायला झकास. पण लीज्ड लाइन आणि आयएसडीएन दोन्ही त्याच टेलिफोन एक्स्चेंजमधून, बहुतेक वेळा त्याच तांब्याच्या केबलमधल्या दोन जोड्यांवरून यायच्या. केबल चोरीला गेली की चोर दोन्ही घेऊन जायचा. ज्यांनी जोडीला व्हीसॅट ठेवलं ते शहाणे. ती छत्री दिसायला गबाळी, स्पीड रडका, पण तिची वाट खरंच वेगळी होती.

याच भागात वाट वेगळी असण्याची किंमत फार आधी कळली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाहून थकून आलेली माणसं गाढ झोपेत. किल्लारी औसा तालुक्यातली, पण निलंगा तालुक्यातही पडझड झाली. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली, पुढे लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) मिळून ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. अशा वेळी एक्स्चेंजची इमारत, खांब, तार सगळं एकाच जमिनीवर उभं असतं आणि तीच हललेली असते. मदतीला आलेल्यांत हॅम रेडिओवाले होते. नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम झाला त्यात आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा आला, आणि मंत्रालय व जिल्ह्यांचे नियंत्रण कक्ष उपग्रहाने जोडण्याचं कामही. जीव गेल्यावर का होईना, पण जमिनीवर अवलंबून नसलेली वाट हवी हे सरकारदरबारी लिहिलं गेलं.

तरी पुढे २०११ ला ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना आली (जिचं नंतर भारतनेट झालं) तेव्हा फायबर तालुक्यापासून गावाकडे झाडाच्या फांदीसारखं ओढलं गेलं. फांदी जिथे तुटेल तिथून पुढची सगळी गावं अंधारात. रिंग करायची तर खर्च वाढतो, हे मान्य. पण ऑगस्ट २०२३ मध्ये १.३९ लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात रिंग घातलीच. बारा वर्षं लागली. असो.

तर निलंग्याच्या शाखेचं काय केलं? पहिलं फायबर ठेवलं, दुसरं काढून टाकलं. त्या पैशात रेडिओ लिंक घेतली. पण इथेही एक मेख आहे. टॉवर हवेत असला तरी टॉवरच्या पायाशी येणारं फायबर कुठून येतं? तेही लातूर रस्त्याच्या त्याच पाइपातून आलं तर आपण फक्त शेवटचे दोन किलोमीटर हवेतून गेलो. म्हणून टॉवर निवडताना उंची आणि अंतर नंतर पाहिलं, तो पुढे कशावर लटकलाय हे आधी विचारलं. एक सापडला ज्याचा पुढचा टप्पाही मायक्रोवेव्हने, उदगीरच्या बाजूला जाणारा होता. महाग पडला. मॅनेजरसाहेबांना "स्पीड कमी आणि भाडं जास्त" हे गळी उतरवायला दोन मीटिंगा लागल्या. दोन राउटर दोन वेगळ्या यूपीएसवर टाकले, कारण दोघांची पिन एकाच एक्स्टेन्शन बोर्डात असण्याचे प्रकार मी इतके पाहिलेत की आता पहिल्यांदा टेबलाखालीच वाकतो.

आणि महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी, शाखा बंद असताना तिथला शिपाई फायबरची वायर हाताने उपटतो, एक टेस्ट एंट्री मारतो, ती पोचली की वहीत वेळ लिहून सही करतो. गेल्या वेळी बदल व्हायला ४० सेकंद लागले. मला १० हवेत.