अंधुक उजेडांतील कॅमेरा

आज मेणबत्तीच्या उजेडांतहि एखादें लहान मूल हातांतल्या यंत्रानें चलच्चित्र घेतें आणि आपणांस त्याचें नवल वाटत नाहीं. परंतु दूरचित्रवाणीच्या बाल्यकाळीं, थोड्या उजेडांत कोणाचें चित्र चांगलें येतें, या प्रश्नानें एका संशोधकाच्या आयुष्याची दिशा पालटली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

लंडनच्या उत्तर भागांतील टेकडीवर अलेक्झांड्रा पॅलेस नांवाची टोलेजंग इमारत आहे. तेथून २ नोव्हेंबर १९३६ रोजीं बी. बी. सी. ची दूरचित्रवाणी सुरू झाली. यंत्रें कोणाचीं घ्यावीं याविषयीं दोन प्रतिस्पर्धी होते : जॉन लोगी बेअर्ड आणि मार्कोनी-ई. एम. आय. कंपनी. एक आठवडा याचीं यंत्रें, पुढचा आठवडा त्याचीं, असें पाळीपाळीनें चालवून निवाडा करावा असें ठरलें. कागदावरील आंकड्यांपेक्षां अशी परीक्षा केव्हांहि बरी.

बेअर्डच्या चित्रांत २४० रेषा, तर प्रतिपक्षाच्या ४०५. पण खरा फरक उजेडाचा होता. बेअर्डच्या एका पद्धतींत निवेदकानें जवळजवळ काळोख्या खोलींत बसावें आणि प्रकाशाचा एक ठिपका त्याच्या चेहऱ्यावरून झरझर फिरावा, अशी योजना होती. एकाच माणसापुरती ती ठीक, नाटकाला निरुपयोगी. म्हणून दुसरी तोड काढली : आधीं फिल्मवर चित्र घ्यावयाचें, ती सुमारें मिनिटभरांत धुवावयाची आणि ओली असतांनाच पुढें पाठवावयाची. कॅमेरा त्या हौदाशीं जखडलेला. त्यास हलतां येईना. बिचारा जिद्दीचा होता, यांत शंका नाहीं.

ई. एम. आय. कंपनींत आयझॅक शोएनबर्ग यांच्या हाताखालीं तयार झालेल्या एमिट्रॉन कॅमेऱ्याचें मर्म सांठवणींत होतें. फिरत्या ठिप्प्याला चित्राच्या प्रत्येक बिंदूवर क्षणाचा अत्यल्प अंश मिळे. एमिट्रॉनच्या नळींतील पडद्यावरील सूक्ष्म कण मात्र, आपली पाळी येईपर्यंत, पडणाऱ्या प्रकाशाचा विद्युत्‌भार जमवीत राहत. तरीहि त्यास प्रखर दिवे लागत. शिवाय पडद्यावरून उडालेले विद्युत्‌कण भलतीकडेच पडून चित्रावर सावल्या उमटत. त्या पुसण्यासाठीं तंत्रज्ञांस सारखे खुंटे फिरवीत बसावें लागे.

३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्रीं क्रिस्टल पॅलेस जळाला. बेअर्डची प्रयोगशाळा तेथेंच होती. दोन महिन्यांनीं निकाल त्याच्या विरुद्ध लागला. निकाल न्याय्य होता असें मला वाटतें, पण तो वाचतांना मन खिन्न होतें.

१२ मे १९३७ रोजीं राज्याभिषेकाची मिरवणूक तीन एमिट्रॉन कॅमेऱ्यांनीं हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून दाखविली. दिवस पावसाळी, आकाश झांकोळलेलें. तरी चित्र दिसलें. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत युद्धस्मारकावरील समारंभासाठीं सुपर-एमिट्रॉन आला. यांत प्रकाश झेलण्याचें आणि भार सांठविण्याचें काम दोन निराळ्या पृष्ठभागांवर सोंपविलें होतें. त्यामुळें तो सुमारें दहा पट संवेदनशील झाला.

पुढें अमेरिकेंत आर. सी. ए. कंपनीची इमेज ऑर्थिकॉन नळी १९४६ च्या सुमारास आली. अंधुक उजेडांत ती फारच सरस. मात्र तेजस्वी वस्तूभोंवतीं काळें वलय उमटे. तिच्या जनकांपैकीं आल्बर्ट रोझ यांनीं डोळा, फिल्म आणि नळी यांस एकाच मापानें मोजलें. प्रकाश कणाकणांनींच येतो. कण थोडे असले कीं चित्र वाळूसारखें खरखरीत होणारच, मग यंत्र कितीहि उत्तम असो.

नळ्यांचा काळ संपला. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत बॉइल आणि स्मिथ यांनीं सी. सी. डी. ची कल्पना मांडली, २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण रोझ यांचा हिशेब तसाच राहिला. सोनी कंपनीनें २०१३-१४ मध्यें दोन कॅमेरे काढले, दोहोंची प्रकाशग्राही पट्टी एकाच आकाराची. एकींत सुमारें ३ कोटी ६० लाख कोष, दुसरींत अवघे १ कोटी २० लाख. पहिला बारकाव्यासाठीं; दुसरा, मोठ्या कोषांचा, रात्रींच्या चलच्चित्रांसाठीं.