परत फिरवणारे दार

संगणकाच्या इतिहासाविषयी मराठीत जे थोडेफार लेखन झाले आहे, ते बहुधा यंत्रांचा आणि संशोधकांचा इतिहास सांगते. बिघाडांचा सांगत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही उणीव चटकन जाणवावी. पाठभेद, प्रक्षेप आणि लेखनिकांचे प्रमाद यांचा विचार केल्यावाचून संहितेचा इतिहास लिहिता येत नाही, हे आपण वर्गात शिकवतोच. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका प्रमादाचा मागोवा घेत आहोत. तो आमच्याच हातून घडला होता.

आमच्यापैकी एकाच्या घरी लिनक्सवर चालणारा एक जुना संगणक आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांची लेखसूची आम्ही दोघांनी सहा वर्षे खपून त्यावर तयार केली होती. तिची दुसरी प्रत काढून ठेवायची, असे दर सुट्टीत ठरायचे आणि राहून जायचे. एका रात्री नेहमीप्रमाणे परवलीचा शब्द टंकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तीच नावाची चौकट समोर आली. शब्द चुकला असता, तर यंत्राने तसे स्पष्ट सांगितले असते. येथे ते काहीच सांगत नव्हते. पहिला संशय कळफलकावर गेला, कारण इनस्क्रिप्ट चालू राहिला असेल तर टिंबांच्या आड रोमन अक्षर उमटते आहे की देवनागरी, हे कळत नाही. पण कळफलक ठीक होता. दार उघडत होते, आत घेत होते आणि लगेच पुन्हा उंबरठ्याबाहेर आणून सोडत होते.

हे दार मुळात घरासाठी बांधलेले नव्हते, हे लक्षात घेतल्यावाचून त्याच्या या वागण्याचा अर्थ लागत नाही.

१९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी येथे फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच अवाढव्य संगणक अनेकांनी आपापल्या टंकयंत्रासारख्या टर्मिनलवरून एकाच वेळी वापरायचा, ही तिची कल्पना. यंत्र सामाईक असले तरी कागदपत्रे ज्याची त्याची; म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द आला. या कुलपाची फजितीही लवकरच झाली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फाइली संपादित करीत होते. संपादनाच्या प्रोग्रॅमने दोघांच्याही तात्पुरत्या फाइलींना एकच नाव दिले आणि स्वागताच्या संदेशाच्या जागी परवलीच्या शब्दांची यादी गेली. त्यानंतर जो जो आत आला, त्याला सर्वांचे शब्द वाचायला मिळाले! कोर्बातो यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही हकिगत स्वतः सांगितली आहे.

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्सने ही सामाईकपणाची रीत उचलली. तेथे एक प्रोग्रॅम टर्मिनलवर नाव विचारी, दुसरा शब्द पारखून घेई आणि मग माणसाचे काम सुरू होई. ते काम संपले की यंत्र पुन्हा नाव विचारण्याच्या जागी येई. काम का संपले, माणूस आपणहून उठला की त्याचा प्रोग्रॅम कोसळला, याची चौकशी करण्याचे कारणच नव्हते. खुर्ची रिकामी झाली, पुढच्याने यावे, एवढाच त्याचा अर्थ.

एमआयटीतच १९८४ मध्ये रॉबर्ट शाइफलर आणि जिम गेटिस यांच्या प्रयत्नांतून एक्स ही खिडक्यांची प्रणाली आकाराला आली. स्टॅनफर्डच्या डब्ल्यू या प्रणालीवरून ती निघाली. डब्ल्यूनंतरचे अक्षर, म्हणून एक्स. (नामकरणाच्या बाबतीत तंत्रज्ञ आपल्या नवकवींपेक्षा बरेच काटकसरी.) १९८८ मध्ये तिच्यासोबत कीथ पॅकर्ड यांचा एक्सडीएम हा प्रोग्रॅम आला, आणि आज आपण पाहतो त्या सचित्र दाराचा तो पूर्वज होय. अक्षरी टर्मिनलवर जुने प्रोग्रॅम जी सेवा देत, तशीच सेवा आपण देतो, असे त्याच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे. रूप पालटले, रीत तीच राहिली. सत्र संपले की पुन्हा नावाची चौकट. आम्हांला परत फिरवणारे दार या अर्थाने बिघडलेले नव्हतेच. आत काहीतरी कोसळले होते आणि दाराला वाटत होते की आम्हीच उठून गेलो.

घरगुती संगणकांना त्या काळी असे दार नव्हते. १९८४ चा मॅकिंटॉश सुरू केला की थेट कामाला लागे. विंडोज ९५ परवलीचा शब्द विचारी खरा, पण एस्केपची कळ दाबली की पुष्कळदा तसाच आत सोडी. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी त्यावर एक्स चालू लागले. त्यासोबत विद्यापीठीय प्रयोगशाळेचे कुलूप आपल्या दिवाणखान्यात आले.

मात्र सचित्र दारामागे जुने अक्षरी दारही शाबूत असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्यावर काळ्या पडद्यावर यंत्राने नाव विचारले. तोच परवलीचा शब्द दिला आणि आम्ही आत गेलो. म्हणजे शब्द निर्दोष होता. डीएफ ही आज्ञा देऊन पाहिले, तबकडीवर जागा पुरेशी होती. ती संपली असती तरी लक्षण हेच दिसले असते. मग एलएस देऊन फाइलींची यादी काढली, आणि काळजाचा ठोका चुकला. लेखसूचीच्या फाइलींना आम्ही मराठी नावे दिली होती. त्या जागी नुसते चौकोन होते. अक्षरी पडद्याच्या टंकात जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, त्यांत देवनागरीला जागा नाही, हे नंतर समजले. त्या क्षणी मात्र सहा वर्षांच्या कामाचे चौकोन झाले असेच वाटले. फाइलींचे आकार आणि तारखा जुळतात हे पाहिल्यावर जीव भांड्यात पडला.

दोष त्याच यादीत होता. एक्समध्ये पडद्यावर काही रेखाटू पाहणाऱ्या प्रोग्रॅमला एक गुप्त खूण दाखवावी लागते. तिचे अधिकृत नाव ‘मॅजिक कुकी’, आणि आमच्या संगणकावर ती डॉट एक्सऑथॉरिटी या फाइलीत राहत असे. या फाइलीची मालकी आमच्या नावे असायला हवी होती; ती ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या नावे झाली होती. आदल्या दिवशी छपाईयंत्राची मांडणी करताना आम्ही सर्वाधिकार घेऊन एक सचित्र प्रोग्रॅम चालवला होता. त्याने जाता जाता ही फाइल आपल्या नावे करून ठेवली. त्यामुळे दार नवी खूण तीत लिहू शकत नव्हते, आमचे प्रोग्रॅम ती वाचू शकत नव्हते, आणि सत्र पहिल्याच पावलाला संपत होते.

उपाय एका ओळीचा होता: चोन ही मालकी बदलण्याची आज्ञा, तीही सर्वाधिकार घेऊनच द्यायची. डीएफ, एलएस आणि चोन या तिन्ही आज्ञा ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत आढळतात. बिघडलेल्या खिडक्यांहून त्या तेरा वर्षांनी जुन्या.

अलीकडे बऱ्याच लिनक्स संचांत एक्सची जागा २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने घेतली आहे, आणि नेमका हा दोष तेथे क्वचितच उद्भवतो. परत फिरवण्याची रीत मात्र तेथेही दिसते.

सचित्र पडदा उघडला तेव्हा पहाटेचे दोन वाजत आले होते. चौकोनांच्या जागी नावे परत आली होती. लेखसूचीची प्रत आम्ही त्याच रात्री दोन पेनड्राइव्हवर उतरवली. त्यांपैकी एक आता दुसऱ्याच्या घरी असतो.