बसऱ्यास गेलेल्या आप्ताचा शोध

आपल्या ज्ञातीच्या ज्या घराण्यांतून चार-पाच पिढ्यांपूर्वी माणसे पलटणीत जात असत, त्या घराण्यांत 'बसऱ्याची लढाई' हा शब्द अद्याप ऐकू येतो. लढाई कोणाशी झाली, कशासाठी झाली, हे सांगणारे आता कोणी उरले नाही; परंतु 'आमचे एक आजोबा बसऱ्यास गेले ते परत आले नाहीत' एवढे वाक्य मात्र टिकून आहे. आमच्या घरीही असे एक आजोबा होते. ते आमच्या पणजोबांचे धाकटे बंधू. त्यांच्या जागेचा शोध घेण्यात आमच्या घरच्या दोन पिढ्या गुंतल्या. त्या शोधाची हकीकत इतर घराण्यांसही उपयोगी पडेल, या समजुतीने ती येथे देत आहोत.

प्रथम इतिहास पाहू. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रज सरकारने तुर्कांविरुद्ध मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी फौज उतरविली, तीत पुण्याची सहावी डिव्हिजन अग्रभागी होती. त्याच महिन्यात बसरा हाती आले. पुढे जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने चालून गेली व नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफॉनच्या लढाईनंतर मागे हटून कूट येथे आली. ७ डिसेंबर १९१५ पासून कूटला वेढा पडला. १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. अन्नाची इतकी टंचाई झाली की घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ते मांस कित्येक दिवस नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी शरणागती पत्करली. त्यांत हिंदी लोकच अधिक होते. या बंदिवानांस उन्हातून पायी मोसुलकडे व तेथून रास-अल-ऐनकडे नेण्यात आले, आणि बगदाद रेल्वेच्या कामास जुंपण्यात आले. वाटेत जे पडले त्यांच्यावर कोणी दगड ठेवला नाही.

आमच्या आजोबांची पत्नी, आमची धाकटी पणजी, १९६१ पर्यंत हयात होती. सरकारी पेन्शन ती घेत असे, पण कुंकू तिने कधी पुसले नाही व आपल्या हयातीत श्राद्धही घालू दिले नाही. "कुणी जागा बघितली आहे का त्यांची?" एवढाच तिचा प्रश्न असे, आणि त्यास कोणाजवळ उत्तर नव्हते. ती गेल्यावर मात्र घरात निराळाच पेच पडला. शस्त्राने मेलेल्याचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीस, आणि ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचे सर्वपित्री अमावास्येस, हा रिवाज सर्वांस माहीत आहेच. थोरल्या घराने अमावास्या धरली, धाकट्या घराने चतुर्दशी. लढाईत गोळी लागली की आजाराने गेले, हे कळावयाचे कसे? भाऊबंदांत त्यावरून जे बोलणे झाले ते येथे छापण्याजोगे नाही. एकूण, जागा सापडली तर बाकीचे उलगडेल अशी सर्वांची कल्पना झाली.

१९७८ च्या सुमारास आमचे एक चुलते बसऱ्याच्या बंदरात फिटरच्या कामावर होते. शहराच्या उत्तरेस, शत्त-अल-अरबच्या काठी माकील येथे पडलेल्या सैनिकांचे मोठे स्मारक आहे, असे त्यांस कळले. एका शुक्रवारी ते तेथे गेले. हे स्मारक २७ मार्च १९२९ रोजी खुले झाले. ज्यांचे थडगे सापडले नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी ते आहे. चुलत्यांनी भिंतीवर पलटण शोधून काढली. गोऱ्या शिपायांची नावे कोरलेली, हिंदी अंमलदारांची नावे कोरलेली, आणि त्यांच्याखाली 'इतर हिंदी शिपाई इतके' असा नुसता आकडा. गावी आल्यावर ते ओटीवर बसून एवढेच म्हणाले, "नाव नाही, नंबर आहे." आमचे वडील त्या वेळी ओटीवरच होते, ते उठून आत गेले, हे आम्हांस आठवते.

येथे थोडे थांबून बोलणे भाग आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनचे तत्त्व असे होते की, प्रत्येक मृताचे नाव थडग्यावर किंवा स्मारकावर असावे, आणि त्यात हुद्दा, वर्ण वा धर्म यांवरून भेद नसावा. युरोपात ते पाळले गेले. फ्रान्समधील न्यव्ह शापेल येथे १९२७ च्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे आहेत. बसऱ्यास ते पाळले गेले नाही. अमारा येथील हिंदी दफनभूमीत सुमारे ५,००० जण आहेत, आणि त्यांपैकी अवघ्या नऊ जणांची ओळख पटलेली आहे. कारण दफनाची नीट नोंदच लष्कराने ठेवली नाही. कमिशननेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हा भेदभाव मान्य केला व ब्रिटिश पार्लमेंटात क्षमाही मागितली गेली. मान्य होण्यास ९२ वर्षे लागली. क्षमेबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण ती मागितली गेली तेव्हा आमच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षे झाली होती.

दुसरी गोष्ट आमच्याच अज्ञानाची. आम्ही थडगे शोधीत होतो. परंतु हिंदू शिपायाचे, जेथे जळण मिळे तेथे, दहन होई, आणि दहनाच्या जागेवर थडगे कोठून असणार? इंग्लंडात ब्रायटनजवळ ज्या ५३ हिंदू व शीख शिपायांचे दहन झाले, त्यांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये तेथे छत्री उभारली. पण त्यांची नावे तेथे कोरली जाण्यास २०१० साल उजाडले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही रीत सुधारली होती. इटलीत सांग्रो नदीच्या दफनभूमीत दहन झालेल्या ५०० हून अधिक हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. आणि आपल्या माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे, ज्यांस १० जुलै १९४४ च्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचेही थडगे ज्ञात नाही, तरी नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर नाव असेल म्हणून पुष्कळ लोक तेथे शोधतात. आम्हीही शोधले. तेथे कोरलेली तेरा हजारांवर नावे मुख्यतः वायव्य सरहद्द व १९१९ च्या अफगाण युद्धातील आहेत. बसऱ्याच्या माणसाचा शोध तेथे घेण्यात अर्थ नाही.

मंगळवेढ्यास कूस कोसळून चोखोबा दगडमातीखाली गेले, तेव्हा नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखल्या व पंढरपुरास महाद्वारापाशी आणल्या, असे परंपरा सांगते. मेसोपोटेमियाच्या वाळूत आपल्या माणसांसाठी कान लावणारा कोणी नव्हता.

जे हाती लागले ते शेवटी घरातच लागले. देव्हाऱ्यात एक काशाची चकती होती, सुमारे पाच इंच व्यासाची, सिंहाचे चित्र असलेली; दसऱ्यास तिला हळदकुंकू वाहत. ही महायुद्धात मृत झालेल्यांच्या वारसांस मिळे. तीवर नाव असते, हुद्दा नसतो, पलटणही नसते, म्हणून तिचा शोधास उपयोग कमी. परंतु तिच्याबरोबर एक रुप्याचे पदक होते, आणि त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव व पलटण कोरलेली आढळली. इतकी वर्षे ते पदक आम्ही पाहिले, पण कड कोणी पाहिली नव्हती! पुष्कळ घरांत ही पदके सोनाराकडे जाऊन त्यांचे दागिने झाले. ज्यांच्याकडे उरली असतील त्यांनी कड वाचावी. पदक रुप्याचे नसून काशाचे असेल, तर तो मनुष्य लढाऊ शिपाई नसून मजूर किंवा इतर नोकर असावा असे समजावे.

कडेवर पलटण '११०' निघाली. घरात सर्व जण 'तिसरी मराठा' म्हणत, कारण आजोबांचे पुतणे पुढे त्याच पलटणीत गेले तेव्हा तिचे नाव तिसरी झालेले होते. १९२२ च्या फेररचनेत १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी व ११७ ची पाचवी झाली. जंगी पलटण म्हणजे १०३, काळी पाचवी म्हणजे १०५. एवढे ध्यानी धरल्यास निम्मा घोटाळा टळतो.

नंबर मिळाल्यावर आमच्या पुतण्याने २०१४ मध्ये कमिशनच्या संगणकीय नोंदवहीत शोध घेतला. भिंतीवर जी नावे नाहीत ती नोंदवहीत आहेत, व पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. मात्र लेखन इंग्रजी कारकुनाच्या कानाप्रमाणे असते. पवारांचे पोवार होतात, आणि रायगड जिल्ह्याऐवजी कुलाबा शोधावे लागते. आमच्या गावाचे नाव इतके मोडले होते की पुतण्याने दोन वेळा ती ओळ ओलांडली. तिसऱ्या वेळी मोठ्याने वाचली तेव्हा कळले.

तारीख होती ऑगस्ट १९१६ मधली. कूट पडून साडेतीन महिने झाले होते व पलटण बंदिवासात होती. म्हणजे रणात गोळी लागून नव्हे. वाटेवर, किंवा रेल्वेच्या कामावर. जुने पंचांग काढले, तिथी श्रावण वद्य पक्षातील निघाली. बंदिवानांच्या तारखा कित्येकदा अंदाजाने धरीत, हे एका जाणत्याने आम्हांस सांगितले आहे. तरी शंभर वर्षे काहीच नव्हते, तेथे ही एक ओळ आहे. तिची छापील प्रत आता चकतीजवळ ठेवली आहे.

बसऱ्याचे ते स्मारक १९९७ मध्ये माकीलहून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, सुमारे ३२ किलोमीटर दूर नेण्यात आले. आमच्यापैकी तेथे अद्याप कोणी गेलेले नाही. थोरल्या घरात आता श्रावणातील त्या तिथीस पान वाढतात. धाकट्या घराचे म्हणणे असे की, शत्रूच्या हाती मेला तो शस्त्रानेच मेला, आणि ते चतुर्दशीच पाळतात. आम्ही दोन्हीकडे जेवावयास जातो.